मुंबईहून जर्मनीला बिऱ्हाड हलवताना: परवडणारं भाड्याचं घर कसं शोधायचं

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, मुलाला श्टुटगार्टची ऑफर आलीये, सून आणि दोन्ही नाती पण जाणार, आणि पहिला प्रश्न काय तर "तिकडे टू बीएचके कितीला पडतो गं?" मला हसू आलं कारण मुलुंडहून निघताना आम्हीही हाच प्रश्न घेऊन निघालो होतो. आम्ही चार वर्षं तिकडे काढून गेल्या वर्षी परत आलो, गेलो तेव्हा मुलगी सात वर्षांची आणि मुलगा तीनचा होता, आणि घर मिळेपर्यंत जे काही झालं ते काकूंना सांगता सांगता दोन चहा झाले. मग म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढते, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. मला माहिती आहे ते जर्मनीचं, त्यातही श्टुटगार्ट भागाचं. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून जुळी शहरं आहेत, पण त्याचं तिकडच्या एकाही घरमालकाला कौतुक नसतं हे आधीच सांगून ठेवते.

मुंबईत कसं असतं, हातात डिपॉझिट असलं की ब्रोकरला फोन करायचा, तो शनिवार-रविवारात सहा फ्लॅट दाखवतो, एक आवडला की टोकन देऊन मोकळं. तिकडे पैसे असूनही घर मिळत नाही. एका फ्लॅटला पन्नास-साठ जण अर्ज करतात आणि त्यातला कोण ठेवायचा हे घरमालक ठरवतो. सरळ सांगायचं तर हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे, जुन्या पद्धतीचा, आणि त्यात आपण मुलीकडचे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी तयारी आपोआप त्या दिशेने होते.

सगळ्यांनी एकदम निघू नका

हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे आणि सगळ्यात जास्त लोक हाच ऐकत नाहीत. ज्याची नोकरी आहे त्याने आधी जायचं, दोन-तीन महिने एखाद्या सामानासकट मिळणाऱ्या छोट्या खोलीत राहायचं आणि घर हातात आलं की मगच बाकीच्यांची तिकिटं. नुसत्या फोटोवरून, मुंबईत बसून, चौघांसाठी घर मिळणं जवळपास अशक्य आहे कारण घरमालकाला माणूस समोर बघायचा असतो, आणि चौघं मिळून तात्पुरत्या फ्लॅटमध्ये राहायचं म्हटलं तर एका महिन्याच्या भाड्यात साधं घर दोन महिने चालतं. आमच्या ओळखीत एक कुटुंब सगळं सामान आणि आजीसकट गेलं, अकरा आठवडे एका अपार्टमेंट हॉटेलात राहिलं आणि इथली एफडी मोडून पैसे मागवले.

तात्पुरती जागा घेताना एकच गोष्ट विचारायची: इथे अनमेल्डुंग करता येईल का. अनमेल्डुंग म्हणजे महापालिकेत पत्ता नोंदवणं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ते करायचं असतं आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा (नाव पाठ करू नका, सही घ्या). या नोंदणीशिवाय टॅक्स नंबर येत नाही, टॅक्स नंबर नसला की पहिल्या पगारातून भरमसाठ कापलं जातं, बँकेपासून राहायच्या परमिटपर्यंत सगळं अडतं. काही स्वस्त खोल्या "अनमेल्डुंग नाही" अशा अटीवर मिळतात, त्या कितीही स्वस्त असू देत, सोडून द्या.

मुलं शाळेत जाणारी असतील तर वेळेचं गणितही बघा. तिकडच्या भागात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, शाळा सप्टेंबरात सुरू होतात, आपल्याकडे जूनला. नवऱ्याने एप्रिल-मेमध्ये जायचं, इथलं वर्ष संपलेलं असतं, मुलं जून-जुलै आजीकडे मजेत राहतात आणि ऑगस्टमध्ये उडायचं, हे सगळ्यात बरं. प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे घर आधी आणि शाळा नंतर, उलटं होत नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी काही शाळांत फोरबेराइटुंग्सक्लासे नावाचा वेगळा तयारीचा वर्ग असतो, घर बघतानाच त्या भागातल्या शाळेत तो आहे का ते विचारून ठेवा. बालवाडीचं मात्र वेगळं, २०१३ पासून वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला कायद्याने जागेचा हक्क आहे, पण हक्क असणं आणि जागा असणं यात आमच्या मुलाचे आठ महिने गेले. पत्ता मिळाला त्या दिवशी नाव घाला.

मुंबईतून निघायच्या आधी

लग्नाचं सर्टिफिकेट आणि मुलांचे जन्मदाखले ही मुख्य कागदं. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव भरलंय ना ते बघा, बऱ्याच जणांच्या दाखल्यावर नावाची जागा रिकामीच असते आणि मग वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या. आता एक महत्त्वाचं: फोर्टमधले आणि ऑनलाइन एजंट "अपॉस्टिल करून देतो" म्हणून मागे लागतात (अपॉस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारतात तो शिक्का). भारत २००५ मध्ये अपॉस्टिल करारात आला खरा, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत त्याला आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे आपला अपॉस्टिलचा शिक्का जर्मनीसाठी चालत नाही. त्यांना कागदपत्र तपासून घ्यायचं असेल तर ते त्यांच्या वकिलातीमार्फत वेगळी पडताळणी करतात आणि तिला महिने लागतात. म्हणजे अपॉस्टिलवर पैसे घालवू नका, नरिमन पॉइंटच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या साइटवर सध्याची यादी वाचा आणि तेवढंच करा.

ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांना मिळणाऱ्या परमिटवर, जाणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला जर्मनच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, परीक्षेची सक्ती नाही. तरी करा. मी काळ्या घोड्याजवळच्या मॅक्सम्युलर भवनात चार महिने गेले, मुलुंडहून लोकलमध्ये लटकत, सगळे म्हणायचे कशाला उगाच, पण आम्हाला जे घर मिळालं ते मी घरमालकिणीशी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये तिच्या बाल्कनीतल्या फुलांबद्दल तीन वाक्यं बोलले म्हणून मिळालं असं माझं आजही मत आहे.

तिसरं कागद कोणालाच सुचत नाही. तिकडचे घरमालक जुन्या घरमालकाकडून "याच्याकडे भाडं थकलेलं नाही" असं पत्र मागतात. मुंबईत भाड्याने राहत असाल तर मालकाकडून असं दोन ओळींचं इंग्रजी पत्र सहीनिशी घ्या, स्वतःचं घर असेल तर सोसायटीकडून नो ड्यूज घ्या, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. आपल्या सेक्रेटरींचा तो गोल जांभळा शिक्का तिकडे भलताच वजनदार ठरतो, जर्मन माणसाला शिक्का आवडतो.

इथलं घर भाड्याने देऊन जाणार असाल तर लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करा, पोलिसांना कळवा, आणि भाडेकरूला आधीच सांगा की मालक एनआरआय झाला की भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते आणि तो थोडाथोडका नसून ३० टक्क्यांच्या वर असतो. नंतर कळलं की भांडणं होतात. बँकेचं खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं, करायचं विसरू नका. बास, यावर एवढंच.

भाड्याचा खरा आकडा

आता काकूंचा प्रश्न. जाहिरातीत टू बीएचके असं काही नसतं, त्सिमर असतात, म्हणजे खोल्या, आणि त्यात हॉल धरतात पण किचन-बाथरूम धरत नाहीत. म्हणजे आपला टू बीएचके हा त्यांचा तीन त्सिमर. दोन त्सिमर बघून खूश होऊ नका, तो आपला वन बीएचके आहे. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, दहा पूर्णांक शहात्तरने गुणलं की स्क्वेअर फूट येतात, सत्तर मीटरचं घर म्हणजे साडेसातशे फूट, आणि हे आपल्या कार्पेटसारखं मोजलेलं असतं, सुपर बिल्टअपची जादू नाही. आमचं बहात्तर मीटरचं होतं आणि मुलुंडच्या घरातून गेल्यावर मुलांना ते मैदान वाटलं.

भाडं दोन प्रकारे लिहितात. काल्टमीटे म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. त्यात नेबेनकोस्टेन, म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक वेळा हीटिंग, हे सगळं मिळवलं की वार्ममीटे, गरम भाडं. मुंबईतला माणूस थंड आकडा बघून हिशोब करतो आणि तिथेच फसतो. त्याच्यावर वीज वेगळी, इंटरनेट वेगळं, आणि दर घरामागे १८.३६ युरो महिना रेडिओ-टीव्हीची फी, टीव्ही नसला तरी. आमचं काल्ट १,०५०, नेबेनकोस्टेन २६०, म्हणजे वार्म १,३१०, वीज ९५, इंटरनेट ४०, फी धरून १,४६० च्या वर. आणि नेबेनकोस्टेन हा नुसता अंदाज असतो, वर्ष संपल्यावर पुढच्या बारा महिन्यांत घरमालक खरा हिशोब पाठवतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही हीटर पूर्ण पाचवर ठेवून घरात टी-शर्टवर फिरत होतो, बिल आलं ६४० युरोचं. त्यानंतर स्वेटर.

पगाराच्या बाजूने बघा. घरमालक साधारण असं बघतात की गरम भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं. महिना ५,००० ग्रॉस असेल तर एकट्या माणसाच्या टॅक्स क्लास एकमध्ये हातात साधारण ३,१०० ते ३,३०० येतात. कुटुंब येऊन नोंदणी झाली आणि बायको कमवत नसेल तर क्लास तीन मागता येतो, मग महिन्याला काही शे युरो वाढतात, शिवाय दर मुलामागे किंडरगेल्ड, म्हणजे सरकारकडून मिळणारा महिन्याचा भत्ता, २०२५ मध्ये २५५ युरो होता, २०२६ मध्ये २५९. हे सगळं घरमालकाला माहिती नसतं की तुमच्या बाबतीत होणार आहे, म्हणून अर्जात स्वतःच एका ओळीत लिहायचं. आणि सरकारी विमा घेतला असेल तर न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, त्यामुळे विम्याचा वेगळा खर्च धरू नका.

सुरुवातीला हाताशी किती ठेवायचे? डिपॉझिटला काउत्सियोन म्हणतात, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं, आणि ते तीन सारख्या हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे, पहिला हप्ता घर ताब्यात घेताना. बहुतेक मालक एकरकमी मागतात, आम्ही पण दिलं, पण पैसे कमी पडत असतील तर हा हक्क लक्षात ठेवा. मग येतो किचनचा धक्का. बऱ्याच घरांत किचनच नसतं. म्हणजे खोली असते, भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले असतात, ओटा नाही, सिंक नाही, कपाट नाही, शेगडी नाही. दिवेसुद्धा नाहीत, छतातून वायरी लोंबत असतात. मी व्हिडिओ कॉलवर बघून नवऱ्याला म्हटलं अरे हे घर अजून बांधतायत का! जाहिरातीत आइनबाउक्युशे असा शब्द असेल तर किचन आहे. नसेल तर जाणाऱ्या भाडेकरूकडून त्याचं किचन विकत घेता येतं, पण घासाघीस करा, आम्हाला २,८०० सांगितलं होतं, १,५०० ला दिलं. डिपॉझिट, पहिलं भाडं, किचन, वॉशिंग मशीन, पलंग मिळून सात-आठ हजार युरो बाजूला असावेत. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरून चला. याहून मोठी रक्कम मुंबईतून पाठवणार असाल तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते, तो रिटर्नमध्ये मिळतो पण तोपर्यंत अडकतो.

कुठे शोधायचं

श्टुटगार्ट शहर महाग आहे, एका वाटीसारख्या दरीत बसलंय, जागाच नाही. पण एस-बान आहे, ती त्यांची लोकल समजा, आणि मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको की दादरला ऑफिस असेल तर दादरला राहायचं नसतं. ब्योब्लिंगेन, हेरेनबर्ग, शोर्नडोर्फ, लुडविग्सबुर्ग, बीटिगहाइम, या सगळ्या गावांतून अर्ध्या-पाऊण तासात शहरात पोचता येतं, बसायला जागा मिळते, आणि भाडं शहरापेक्षा खाली येतं. शिवाय डॉइचलांड-टिकेट आहे, २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३, त्यात देशभरच्या लोकल, बस, ट्राम आणि साध्या रीजनल गाड्या चालतात. म्हणजे एक स्टेशन लांब गेलं काय आणि पाच गेलं काय, पासाचा खर्च तोच. हा हिशोब करा: लांब गेल्याने थंड भाड्यात दोनशे युरो वाचत असतील तर पास फुकट पडून वर शंभर उरतात. फक्त घरापासून स्टेशन पायी किती आहे ते जानेवारीचा विचार करून बघा.

साइट्स म्हणजे इमोस्काउट२४, इमोवेल्ट आणि क्लाइनअन्झाइगन. सूचना चालू ठेवा आणि जाहिरात आल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात मेसेज टाका, संध्याकाळी घरी जाऊन निवांत लिहू म्हणाल तर जाहिरात गेलेली असते. माझ्या नवऱ्याने साठेक मेसेज पाठवले, उत्तरं आली चार. याने खचू नका, सगळ्यांचं असंच होतं. ब्रोकरचं एक चांगलं आहे, १ जून २०१५ पासून ज्याने ब्रोकर लावला त्यानेच पैसे द्यायचे असा कायदा आहे, त्यामुळे घरमालकाच्या ब्रोकरने तुमच्याकडे दलाली मागितली तर नाही म्हणा.

या साइट्सच्या बाहेर दोन ठिकाणं लोक विसरतात. एक म्हणजे गेनोसनशाफ्ट, आपल्या को-ऑपरेटिव्ह सोसायटीचाच चुलतभाऊ. शेअर्स घेऊन मेंबर व्हायचं आणि मग त्यांच्या घरात भाड्याने राहायचं, भाडं बाजारापेक्षा कमी आणि हुसकावून लावायची भीती नाही. रांग मोठी असते, पण पहिल्याच महिन्यात नाव घालून ठेवायला काय जातं, दुसरं घर घ्यायची वेळ येईल तेव्हा नंबर लागू शकतो. दुसरं म्हणजे शहराच्या मालकीच्या गृहकंपन्या. त्यांच्या बऱ्याच घरांना उत्पन्नमर्यादेचा एक दाखला लागतो, वोनबेरेष्टिगुंग्सशाइन, तो चार माणसांच्या कुटुंबाला वाटतो तितका अवघड नसतो, महापालिकेत विचारून बघा. आणि हो, ऑफिसचा इंट्रानेट बोर्ड आणि तिकडचं महाराष्ट्र मंडळ. परत येणारी कुटुंबं आपलं घर, किचन आणि कधीकधी इडलीपात्रासकट पुढच्या मराठी कुटुंबाला सोपवून जातात, आम्हीही तेच केलं. गणपतीला आरतीनंतर प्रसाद घेताना जेवढी घरांची माहिती मिळते तेवढी कुठल्या साइटवर मिळत नाही.

बायोडेटा आणि कांदेपोहे

अर्जाच्या फाइलला माप्पे म्हणतात. एकच पीडीएफ करा. पहिल्या पानावर कुटुंबाचा हसरा फोटो आणि दहा ओळींचं पत्र, जर्मनमध्येच, ऑफिसातल्या कोणाकडून तपासून घेतलेलं: आम्ही कोण, कोणत्या कंपनीत, पर्मनंट काँट्रॅक्ट आहे का, मुलं किती वर्षांची, सिगारेट नाही, कुत्रं नाही, किती वर्षं राहायचा विचार आहे. मग नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिप, पासपोर्ट आणि परमिट, ते सोसायटीचं किंवा मालकाचं पत्र, आणि शुफा. शुफा म्हणजे त्यांचा सिबिल. नवीन माणसाचा शुफा जवळपास कोराच असतो, पण कोरा म्हणजे वाईट नव्हे. खातं उघडल्यावर फुकट प्रत मागवता येते, साइटवर विकत मिळणारं चकचकीत सर्टिफिकेट मालकाने अगदी हट्ट धरला तरच घ्या. पगाराच्या स्लिप अजून तीन नसतील तर ऑफिसच्या एचआरकडून पत्र घ्या की हा आमच्याकडे पर्मनंट आहे आणि पगार इतका आहे.

एक जण म्हणेल मुलं लपवा, घरमालक बिचकतात. अजिबात लपवू नका. मुलं आहेत म्हणजे हे कुटुंब चार-पाच वर्षं टिकेल असंही काही मालकांना वाटतं, आणि खोटं बोललात तर नंतर रोज जिन्यात तोंड दाखवायचंय.

घर बघायला जायच्या कार्यक्रमाला बेझिष्टिगुंग म्हणतात. पाच मिनिटं आधी पोचा, दहा मिनिटं उशीर झाला तर जाऊच नका म्हटलं तरी चालेल. बूट काढू का विचारा, ते "नको नको" म्हणतात पण विचारलेलं लक्षात राहतं. एनर्जी सर्टिफिकेट मागा, घर दाखवताना ते दाखवणं मालकाला बंधनकारक आहे, जुन्या बिल्डिंगचा ग्रेड खालचा असेल तर स्वस्त भाडं हिवाळ्यात महाग पडतं. खिडक्यांचे कोपरे आणि बाथरूमचं छत बुरशीसाठी बघा. लिफ्ट आहे का, मुलाची बाबागाडी खाली ठेवता येते का, तळघरात वॉशिंग मशीनची जागा कोणाची. आणि जेवणाबद्दल कोणी आडून आडून विचारलं, विचारतातच, तर रागावू नका. आम्हाला एका ठिकाणी सरळ विचारलं की तुमच्याकडे रोज करी होते का. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण नवऱ्याने शांतपणे सांगितलं की आम्ही चांगली चिमणी बसवणार आहोत. ते घर नाही मिळालं, पण पुढच्या ठिकाणी हे आम्ही न विचारता सांगितलं. घरी येऊन त्याच संध्याकाळी आभाराचा छोटा मेल टाका.

फसवणुकीचं थोडक्यात: शहराच्या मध्यभागी सुंदर फर्निचरचं घर निम्म्या भाड्यात, मालक "सध्या लंडनमध्ये", चावी कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट भरा. हे शंभर टक्के लबाड. घर आतून बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही, पासपोर्टची स्कॅन कॉपी तर अजिबात नाही. मुंबईत बसून शोधणाऱ्यांना हेच लोक गाठतात.

करारावर सही करण्याआधी

आपला अकरा महिन्यांचा प्रकार तिकडे नाही, साधा करार मुदतीशिवाय असतो, तुम्ही भाडं देत राहिलात की मालकाला सहजासहजी काढता येत नाही. तुम्हाला सोडायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस, कागदावर सही करून, महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पोचली पाहिजे. व्हॉट्सअॅप, ईमेल चालत नाही. करारात "अमुक वर्षं नोटीस देणार नाही" असं कलम आहे का बघा, ते चार वर्षांपर्यंत वैध असू शकतं आणि प्रोजेक्ट संपून परत यायची वेळ आली की गळ्यात येतं. आमच्या करारात दोन वर्षं होतं, विनंती करून एक केलं.

दुसरं कलम भाडेवाढीचं. श्टाफेल असेल तर दर वर्षी ठरलेली वाढ, इंडेक्स असेल तर महागाईप्रमाणे. दोन्ही नसेल तर मालकाला तीन वर्षांत २० टक्क्यांच्या वर, आणि टंचाईच्या शहरांत १५ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही. टंचाईच्या शहरांत नवीन भाडंही तिथल्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त नसावं असा मीटप्राइसब्रेम्झं नावाचा कायदा २०१५ पासून आहे, पण १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना तो लागू नाही. शहराच्या साइटवर मीटश्पीगल, म्हणजे तिथल्या चालू भाड्यांचा तक्ता, असतो, त्यात आपल्या घराचं भाडं वाजवी आहे का ते तपासता येतं. जास्त असेल तर सही करायच्या आधी वाद घालू नका, घर हातचं जाईल. घर घ्या, मीटरफेराइनचे मेंबर व्हा आणि मग त्यांच्या वकिलाला विचारा. मीटर म्हणजे तिकडे भाडेकरू, रिक्षाचा नव्हे, आणि ही भाडेकरूंची संघटना आहे, वर्षाच्या वर्गणीत सल्ला मिळतो. त्या ६४० युरोच्या बिलातले ७० त्यांनीच कमी करून दिले, मालकाने लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च आमच्यावर टाकला होता.

चावी मिळाल्यावर

चावी घेताना उबरगाबे-प्रोटोकोल म्हणून कागद भरतात. घाई करू नका. प्रत्येक ओरखडा, टाइलला गेलेला तडा, कार्पेटवरचा डाग लिहून घ्या, फोटो काढा, वीज आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे त्यात टाका, किती चाव्या मिळाल्या ते पण. चावी हरवली तर काही बिल्डिंगमध्ये सगळ्यांची कुलपं बदलायचा खर्च येतो, म्हणून हाफ्टफ्लिष्ट नावाचा, आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा पहिल्याच आठवड्यात काढा, कुटुंबाचा वर्षाला शंभर युरोच्या आत बसतो, फक्त त्यात चाव्या धरल्यात का बघा. वीज आपोआप चालू असते पण ती मूळ पुरवठादाराच्या महाग दराने, महिनाभरात दुसरा निवडा.

त्याच दिवशी टपालपेटीवर नाव चिकटवा. फ्लॅट नंबर हा प्रकारच नसतो, पोस्टमन आडनावावरून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर तेही लावा. माझं विमाकार्ड दोनदा परत गेलं तेव्हा हे कळलं.

स्वयंपाकाचं सामान नेताना अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही हे लक्षात ठेवा, स्टीलचा, इंडक्शनचा तळ असलेला घ्या. प्लगचे अॅडॉप्टर इथूनच न्या. कुकर लावला की लगेच खिडकी पूर्ण उघडायची, थंडीतसुद्धा, दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं, नुसती तिरकी ठेवून उपयोग नाही. वाफ भिंतीत मुरली की बुरशी, आणि बुरशी आली की मालक म्हणणार तुमच्यामुळेच. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर, ड्रिल, वॉशिंग मशीन बंद. चटणी शनिवारीच वाटून ठेवायची सवय लागते.

आणि श्टुटगार्टकडचं खास, केरवोखे. आठवड्याआड तुमच्या दारावर एक पाटी लटकते, म्हणजे या आठवड्यात जिना, तळघर आणि बिल्डिंगसमोरचा फुटपाथ तुम्ही झाडायचा, बर्फ पडलं तर तेही. केर काढायचा आठवडा म्हणून केरवोखे, हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी आपला कुंचा घेऊन वाकून जिना झाडला, वरच्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दारात प्लमचा केक. त्यानंतर मुलं कितीही नाचली तरी कधी तक्रार आली नाही.

परत यायची वेळ आली तर तिकडचं बँक खातं लगेच बंद करू नका. काउत्सियोन लगेच मिळत नाही, मालक ते काही महिने ठेवतो आणि शेवटच्या वर्षाच्या नेबेनकोस्टेनसाठी थोडी रक्कम त्याहूनही जास्त काळ. आमचे बहुतेक पैसे पाच महिन्यांनी आले, दोनशे युरो मागे ठेवले होते, त्यातले एकशे चाळीस परवा आलेत.